विमा? आमचा झालाय!

१ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

निर्णय घ्यायचाच, असा निर्णय आज घेतला.

प्रश्न साधा आहे. वजनकाट्यांच्या कंपनीत, सुट्या भागांच्या विभागात मी बावीस वर्षं काढली. आता कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आहे. फॉर्म २८ तारखेपर्यंत द्यायचा. तो देऊन विम्याच्या व्यवसायात उडी घ्यायची, की न देता जन्मभर स्प्रिंगा मोजत बसायचं?

सुरुवात परवा झेरॉक्सच्या दुकानात झाली. मशीनमध्ये कागद कसा ठेवावा हे मी दुकानदाराला समजावून सांगत होतो. मागे एक गृहस्थ उभे होते. विमा कंपनीत विकास अधिकारी. नवे एजंट हेरायचे आणि तयार करायचे, हे त्यांचं काम. म्हणाले, साहेब, तुमच्या जिभेवर साखर आहे, ती अशी फुकट का वाटताय? बावीस वर्षांत हे ऑफिसात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या तर नाहीच.

(दुकानदारालाही ते हेच म्हणाले. पण तो त्यांचा चांगुलपणा. दुकानदाराचा घसा बसलेला होता.)

एजंट व्हायला प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. ते नंतर बघू. आधी महिनाभर लोकांत फिरायचं, बोलायचं, स्वतःला पारखायचं. कोणी तयार झालं तर विकास अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. महिन्याच्या रजेचा अर्ज काल साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. मी उतावळा माणूस नाही.

बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, आता शिडीवर चढलाच आहात तर तो वरचा डबा द्या.

संकल्प: रोज पाचला उठणे. रोज तीन माणसांना भेटणे. रोजनिशी खरी लिहिणे.

२ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

उठायला उशीर. पण बुधवारी सुरू केलेले संकल्प टिकत नाहीत. सोमवारपासून.

विकास अधिकाऱ्यांनी शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितली आहे. एकतीसवर अडकलो. बायकोला दाखवली. म्हणाली, यातले दोघे वारले. मी म्हणालो, कधी? तर म्हणाली, एकाच्या शोकसभेत तुम्हीच पाऊण तास बोललात.

म्हणजे एकोणतीस. शिवाय सातव्या नंबरवर मी स्वतःच आहे. अठ्ठावीस.

गेलेल्या दोघांची नावं खोडली नाहीत. उदाहरणादाखल कामाला येतील.

३ फेब्रुवारी

आरशासमोर तालीम. कन्या घड्याळ लावून बसली. वय एकोणीस, कॉलेजात आहे, अंगात घाई फार. तिच्या हिशोबाने माझ्या भाषणात ‘विमा’ हा शब्द सतराव्या मिनिटाला आला. म्हणाली, बाबा, तोवर समोरचा मरेल. मी म्हणालो, मग त्याच्या घरच्यांना विम्याचं महत्त्व पटेल. हे वाक्य चांगलं आहे. वापरणार.

तिने विचारलं, त्या विकासकाकांचं आडनाव काय? त्यांचं नाव विकास नाही, हे पुन्हा समजावून सांगितलं. विकास हे त्यांचं खातं आहे. ती हसत बाहेर गेली. या पिढीला गांभीर्य म्हणून नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

पहिली भेट. स्थळ: कोपऱ्यावरचं सलून. अनुभव संमिश्र.

विकास अधिकारी म्हणाले होते की गिऱ्हाईक निवांत असताना गाठावं. न्हावी निवांत कधी असतो? दाढी करताना. हात चालू, कान मोकळे. खुर्चीत बसलो, मिशीही काढायला सांगितली. त्याने फेस लावला. अर्धी मिशी उतरवून वस्तरा गळ्यापाशी आणला, तेव्हा मी एकदम डोळे उघडले आणि शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात विचारलं, उद्या तुम्हाला काही झालं तर?

त्याचा हात थांबला. वस्तरा तिथेच. म्हणाला, काय होणार? मी म्हणालो, काहीही. म्हणाला, तुम्हाला कोणी काही सांगितलंय का? परवा मी डॉक्टरांना दाखवलं, ते तुमच्याशी काही बोलले का? मी म्हणालो, माणसाला आतून काय होतंय ते बाहेरून कळत नाही. त्याने आरशात स्वतःची जीभ बघितली. मग डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली. मग वस्तरा खाली ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि दवाखान्यात निघून गेला.

मी पंचवीस मिनिटं वाट पाहिली. मग फेस टॉवेलने पुसून, अर्ध्या मिशीनिशी घरी. उरलेली अर्धी घरी काढली.

निष्कर्ष: माझ्या शब्दांत ताकद आहे. ती जपून वापरायला हवी.

७ फेब्रुवारी, सकाळी ५.००

उठलो! अलार्म कन्येचा होता, तिला परीक्षेचा अभ्यास होता. पण उठलो ते उठलो.

सकाळी ५.१५

झोपतो. तीन माणसं पाचला कुठे भेटणार?

संध्याकाळी ६.००

बायको जेवताना माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तुम्ही बारीक झालात का? चेहरा काहीतरी कमी वाटतोय. मिशी जाऊन दोन दिवस झाले. वीस वर्षांचा संसार.

विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेलो होतो. न्हाव्याची हकीकत सांगितली. त्यांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, वा! याला म्हणतात गरज निर्माण करणं. आता फक्त सही घ्यायची राहिली. मी म्हणालो, सही क्षुल्लक आहे.

तिथे बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्याच एजंट. पन्नाशीच्या, कापडी पिशवी मांडीवर, साधी चप्पल. ना टाय, ना फोल्डर. बोलणं जवळजवळ नाहीच. वाईट वाटलं. अशांचा या स्पर्धेत कसा निभाव लागणार? मी त्यांना थोडं मार्गदर्शन केलं. चाळीस मिनिटं. त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला: उद्या कुठे जाणार आहात? मी सांगितलं, इस्त्रीवाला आणि सायकलचं दुकान. त्यांनी पिशवीतून छोटी वही काढून लिहून घेतलं.

शिकायची तळमळ आहे बाईंना.

८ फेब्रुवारी

इस्त्रीवाला. मी बोलत असताना त्याने एक शर्ट जाळला. माझाच.

सायकलच्या दुकानातले दोघे भाऊ. थोरल्याला बाजूला घेऊन विचारलं, धाकट्याला काही झालं तर? मग धाकट्याला बाजूला घेऊन विचारलं, थोरल्याला काही झालं तर? दोघेही विचारात पडले. निघालो तेव्हा ते एकमेकांकडे काहीशा संशयाने बघत होते. बीज पेरलं गेलं आहे.

पिशवीवाल्या बाई कोपऱ्यावर भेटल्या. पुन्हा विचारलं, आता कुठे? सांगितलं. लपवायचं काय त्यात? दिवा दुसऱ्या दिव्याला उजेड देतो म्हणून त्याचं तेल कमी होत नाही. (हेही चांगलं आहे. भाषणात घालणे. मिनिट चौदा.)

११ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त, वय एकाहत्तर. या वयात त्यांचा विमा होणार नाही, पण मुलं आहेत, सुना आहेत. माहितीपत्रक हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि खिशातून लाल पेन काढलं.

पहिल्याच पानावर छापलं आहे: ‘विमाधारकाचा मृत्यू झाल्यास त्याने त्वरित शाखेशी संपर्क साधावा.’ त्यांनी ‘त्याने’खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, कोणी? मी म्हणालो, सर, भाव समजून घ्या. म्हणाले, भाव समजला, संपर्क कसा साधायचा ते समजलं नाही.

मग त्यांनी मला समोर बसवून पूर्ण पत्रक शुद्ध करून पुन्हा लिहायला लावलं. दोन तास. दहापैकी साडेचार गुण दिले. जाताना म्हणाले, अक्षर सुधारा.

आजची माणसं: एक. पण दर्जा मोठा.

१४ फेब्रुवारी, सकाळी १०.००

बाहेर पडलो नाही. अभ्यास करतोय. प्रशिक्षणाच्या पुस्तकात अपघातांचा एक तक्ता आहे. बहुतेक अपघात घरातच होतात म्हणे. बाथरूम, जिना, स्वयंपाकघर, खुर्चीवर चढून काही काढणं. बावीस वर्षं मी ऑफिसला जाताना रस्ता जपून ओलांडत होतो आणि खरा धोका मागे घरात वाट बघत होता.

आजपासून: बाथरूममध्ये रबरी तळाचे बूट. जिन्यात कठड्याला दोन्ही हात. गॅसजवळ जायचं नाही.

बायको म्हणाली, गॅसजवळ तुम्ही लग्नापासून गेला नाहीत.

१५ फेब्रुवारी

पॅसेजमधला बल्ब गेला. बायकोने बदलायला सांगितलं. खुर्ची, उंची, वीज: तक्त्यातल्या तीन गोष्टी एकदम! हेल्मेट शोधायला लागलो. हेल्मेट घालून, कन्येला खुर्ची धरायला सांगून, शेजारच्यांच्या दाराची बेल वाजवून ‘काही झालं तर’ लक्ष ठेवा असं सांगून परत आलो, तोवर बायकोने बल्ब लावला होता. एका हाताने. दुसऱ्या हातात फोन होता.

या बाईच्या निष्काळजीपणाची काळजी वाटते.

१७ फेब्रुवारी, दुपारी ४.००

आज नवलच झालं.

शिंप्याकडे गेलो. दारात पाऊल टाकलं तसा तो मशीनवरून उठला आणि म्हणाला, आमचा झालाय! मी म्हणालो, काय? तर त्याने ड्रॉवर उघडून पॉलिसीची पावती काढून माझ्या नाकासमोर धरली. तिथून इस्त्रीवाल्याकडे. त्याने लांबूनच कागद हलवला. झालाय! सायकलवाल्या भावांनी दोन कागद हलवले. औषधांच्या दुकानदाराने तर पावतीची झेरॉक्स काढून काचेवर आतल्या बाजूने चिकटवली आहे, रस्त्यावरून वाचता येईल अशी.

पंधरवड्यापूर्वी या रस्त्यावर कोणाकडे विम्याचा कपटा नव्हता. म्हणजे बाजारात प्रचंड मागणी आहे. नेमक्या या वेळी मी या धंद्यात यायचं ठरवत आहे, याला दूरदृष्टी म्हणतात.

१८ फेब्रुवारी

न्हाव्याकडे खुलासा मागितला. (लांबून. तो वस्तरा घेऊन उभा होता.) तब्येत ठणठणीत निघाली म्हणे. त्यानेही विमा काढला आहे, पिशवीवाल्या बाईंकडून. इस्त्रीवाल्याने त्यांच्याकडूनच. शिंप्याने त्यांच्याकडूनच. सगळ्यांनीच.

न्हाव्याला विचारलं, मी एवढं समजावलं तेव्हा का नाही काढलात? खरं सांगू का, म्हणाला. बाई तुमच्यानंतर तीन दिवसांनी आल्या. पाणी मागितलं. म्हणाल्या, ते गृहस्थ गुरुवारी परत येणार आहेत, हा कागद दाखवला की जातील. मी लगेच सही केली.

बराच वेळ विचार केला. मग उमगलं. जमीन नांगरणारा एक असतो, पेरणारा दुसरा. लोक पीक बघतात, नांगर कोणी बघत नाही.

तरी थोडं लागलं मनाला. आज चहा दोनदा घेतला.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी

आतेभाऊ इस्पितळात आहे. गुडघ्याचं छोटं ऑपरेशन. बघायला गेलो. वॉर्डात आठ खाटा, समोर सोळा कान, आणि कोणाला उठून जाता येत नाही. असा श्रोतृवर्ग पुन्हा मिळत नसतो. आतेभावाच्या खाटेपाशी उभा राहून सुरुवात केली, आवाज मात्र शेवटच्या खाटेपर्यंत पोचेल असा लावला. गेलेल्या दोघांची उदाहरणं इथे पहिल्यांदा पूर्ण वापरता आली. पहिला कसा सकाळी ठणठणीत होता, वगैरे.

बाराव्या मिनिटाला नर्स आली. मागून दुसरी आली. मला दोन्ही दंडांना धरून लिफ्टपर्यंत पोचवलं. लिफ्टचा उल्लेख तक्त्यात असल्यामुळे मी जिन्याने येतो म्हणालो, त्यावरून थोडी झटापट.

आतेवहिनीचा आत्ता फोन आला. आतेभाऊ संध्याकाळी स्वतःच्या जबाबदारीवर घरी आला म्हणे. चालत. वॉर्डातल्या आणखी तिघांनीही डिस्चार्ज मागितला.

वैद्यकशास्त्राने याची नोंद घ्यायला हवी.

२१ फेब्रुवारी

आज रविवार नसूनही घरीच. उगाच बसलो. रस्त्यावर निघालो की दुकानांचे पडदे पडतात. हा उन्हाचा परिणाम असावा.

२२ फेब्रुवारी, दुपारी १.३०

हे लिहायचं की नाही, ठरत नव्हतं. पण रोजनिशी खरी लिहायची असं ठरलं आहे.

बायको शाळेत हेडक्लार्क आहे. आज तिला अर्धी सुट्टी होती. जेवणं झाली. मी तिला, घरचंच माणूस म्हणून, विमा काढण्याबद्दल शेवटचं विचारलं. ती उठली, कपाटातून एक पाकीट आणलं, समोर ठेवलं. पॉलिसी. माझ्या आयुष्यावरची. अर्जाची तारीख ९ फेब्रुवारी. एजंट: पिशवीवाल्या बाई.

मी म्हणालो, माझ्या सहीशिवाय हे होऊच शकत नाही. तिने बोट ठेवलं. सही माझीच. नऊ तारखेला मी आरशासमोर ‘लोक न वाचता सह्या कशा करतात’ या मुद्द्याची तालीम करत होतो, तेव्हा तिने कागद पुढे केला आणि मी बोलता बोलता तीन ठिकाणी सही केली. डॉक्टर घरी येऊन रक्त घेऊन गेला तेव्हा मी त्याला विम्याचंच सांगत होतो म्हणे. मला वाटलं होतं, तो ऐकायला थांबलाय.

मी म्हणालो, घरात मी असताना बाहेरच्या बाईकडून? त्यावर ती शांतपणे म्हणाली, तुम्ही तीन आठवडे रोज सांगताय, तुम्ही गेल्यावर आमचं काय होईल. तुम्ही असताना आमचं काय होतंय, ते एकदा विचारलंत? पोरगी परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमची खुर्ची धरून उभी होती. तुम्ही नोकरी सोडणार की नाही, हे मला रोज शेजारणी विचारतात, आणि मी सांगते, ते ठरवतायत. बाकी काय सांगू?

कन्या आपल्या खोलीतून बघत होती. तिने हळूच दार लोटून घेतलं.

माझ्याकडे उत्तर होतं. पण लांब होतं. भांडी मात्र विसळून ठेवली. बूट घालून.

संध्याकाळी ५.३०

कन्येला विचारलं, परीक्षा कशी गेली? म्हणाली, सोळा तारखेपासून चालू आहे, बाबा, अजून दोन पेपर आहेत. मी म्हणालो, हो ना, म्हणूनच विचारलं.

२४ फेब्रुवारी

पिशवीवाल्या बाई घरी आल्या. पॉलिसीत माझ्या नावाची वेलांटी चुकली होती, ती दुरुस्ती द्यायला. (हेडमास्तरांनी पकडली म्हणे. त्यांच्या दोन्ही मुलांचेही विमे बाईंनीच काढले आहेत.)

मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण त्यांनी पाणी मागितलं. आणून दिलं. मग विचारलंच. म्हटलं, बाई, तुम्ही तर काही बोलतच नाही, मग लोक सही कशी करतात?

त्यांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. म्हणाल्या, मला बोलता येत नाही हो. आमचे हे गेले तेव्हा पोरं लहान होती. त्याआधी आमच्या दारात कोणी एजंट आला नव्हता. चांगला नाही, वाईट नाही. तुमच्यासारखं बोलून बोलून जीव खाणारं जरी कोणी आलं असतं, तरी त्यांनी कटकट नको म्हणून सही केली असती. मला रोज वाटतं, तसं कोणी यायला हवं होतं.

सगळं भाषण आठवून पाहिलं, पहिल्या मिनिटापासून. यावर त्यात काहीच नव्हतं.

अजून पाणी आणू का, विचारलं. नको म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. वही काढली. विचारलं, उद्या कुठे?

मी सांगितलं. गाड्या धुवायचं गॅरेज, तिथले सहा जण.

२५ फेब्रुवारी

गॅरेज. सहाही जणांशी मनापासून बोललो. चौघे गाडीखाली शिरले. दुपारपर्यंत बाईंच्या चार सह्या झाल्या. गाडीखाली शिरले त्यांच्याच.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

शाखेत पिशवीवाल्या बाईंचा सत्कार. महिन्यात सर्वांत जास्त पॉलिसी. मलाही बोलावलं होतं. टाय लावला. भाषण तयार ठेवलं, छोटं, बावीस मिनिटांचं. पहिल्या रांगेत बसलो.

बाईंना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माईकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, यात माझं काही नाही. एक गृहस्थ आहेत. ते आधी जातात. मी नंतर जाते. एवढं बोलून खाली बसल्या. सभागृह हसून हसून लोळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून सगळ्या बाजूंना वाकलो. खिशातून भाषण काढलं. तेवढ्यात माईक बंद पडला. विकास अधिकारी वायरीवर उभे होते.

नंतर त्यांनी मला एका कोपऱ्यात नेलं. म्हणाले, साहेब, एक विनंती आहे. परीक्षा देऊ नका. मी म्हणालो, का? म्हणाले, तुम्ही एजंट झालात तर लोक तुम्हाला टाळण्यासाठी दुसऱ्या कंपनीत जातील. तुम्ही असेच राहा, ठरवत. तुमचं ठरत नाही, हेच आमचं भांडवल आहे.

याचा अर्थ सरळ आहे. मी या क्षेत्रात उतरलो तर सगळी शाखा झाकोळून जाईल. हे त्यांनी आडपडद्याने का होईना, कबूल केलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म समोर. पेन भरलेलं. एका बाजूला विमा: मान, घड्याळं, टाळ्या. दुसऱ्या बाजूला कंपनी: बावीस वर्षं, अडीच हजार सुटे भाग, त्यातले कितीतरी कुठल्या खणात आहेत ते फक्त मला माहीत. महिनाभर मी नाही. तिथे काय हाहाकार उडाला असेल, कल्पनेनेच अंगावर काटा आला. मोठ्या काट्याची सुई मागायला कोणी आलं असेल, आणि माझ्या टेबलापाशी नुसती रिकामी खुर्ची!

बायकोला विचारलं, काय करू? तिने भाजी निवडायची थांबवली. म्हणाली, पहिल्यांदा विचारलंत. जा कामावर. तुम्ही घरी असलात की माझा जीव वर-खाली होतो. मी म्हणालो, माझ्या काळजीने? म्हणाली, हो, तसंच म्हणा.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

मुदत संपली. फॉर्म दिला नाही.

हा माझा स्वतःचा, विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. विम्याला माझ्यावाचून चालेल, बाई आहेत. कंपनीला चालणार नाही. माणसाने जिथे आपली गरज आहे तिथे असावं. कन्येचा शेवटचा पेपर चांगला गेला. मी आधी विचारलं होतं, त्यामुळे असेल.

उद्या सकाळी कामावर. परत आल्याबद्दल चार शब्द बोलावे लागतील. तयारी केली आहे. नऊ मिनिटं.

१ मार्च, दुपारी २.१५ (ऑफिसात)

साडेनऊला पोचलो. दारावरच्या वॉचमनने रोजच्यासारखा सलाम केला. मी त्याच्यासमोर थोडा थांबलो. तोही थांबला. मग मी आत गेलो.

हजेरीपुस्तक उघडलं. फेब्रुवारीचे चोवीस दिवस, माझ्या नावापुढे चोवीस बरोबरच्या खुणा. शिपायाला विचारलं, हे कोणी केलं? म्हणाला, मीच करतो ना साहेब, सकाळी सगळ्यांच्या एकदम. मी म्हणालो, पण मी नव्हतो. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, कधी?

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रजेचा अर्ज टेबलावरच होता, कपाखाली. त्यावर चहाची अठरा-वीस वर्तुळं होती. साहेब फोनवर होते. हातानेच विचारलं, काय? मी हातानेच सांगितलं, काही नाही. अर्ज काढून घेतला, त्यांनी कप पुन्हा टेबलावर ठेवला.

माझ्या टेबलावर धूळ सोडून काहीच साठलं नव्हतं. सुट्या भागांच्या मागण्यांच्या ट्रेमध्ये एक चिठ्ठी होती. ती मीच जानेवारीत टाकलेली.

भाषण खिशातच आहे. कोणाला द्यायचं कळेना. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे वळलो. गेली अकरा वर्षं तो माझ्यापासून चार फुटांवर बसतो. त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, काल जरा गप्प गप्प होतात तुम्ही. तब्येत बरी आहे ना?

मी म्हणालो, हो, आज बरं वाटतंय.